जाऊबाईंचा गळा आणि भाऊजींची सॉफ्टवेअरं

माझ्या मोठ्या जाऊबाईंनी आयुष्यात कुणावर आवाज चढवला नाही, आणि घरातल्या प्रत्येकाने त्याचा फायदा उठवला. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे मी कुणाची बाजू घेतेय याबद्दल शंका नको.

मी त्यांना ताई म्हणते. त्या वरच्या मजल्यावर राहतात, आम्ही खाली. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून माझ्या स्वयंपाकघराच्या छतातून दोन आवाज खाली येत आले. एक शिलाई मशीनची घरघर, आणि दुसरं त्या घरघरीवर बसलेलं ताईंचं गाणं. ताई घरीच शिवणकाम करतात. पडदे, उशांचे अभ्रे, शाळेचे गणवेश, पँटची उंची कमी करणं, बिघडलेल्या चेनी बदलणं. मशीन पायाचं आहे. मोटर बसवून देतो असं भाऊजी कितीदा म्हणाले, पण ताईंनी बसवू दिली नाही. "मोटर आपल्याच नादात पळते, माझ्यासाठी थांबत नाही," म्हणायच्या.

गाणी कुणाची, तर त्यांचीच. सगळी देवाची. शब्द अगदी साधे, म्हणजे भांडी घासताना देवाशी बोलावं तसे. चाली मात्र अशा, की ऐकताना हातातलं काम हळू व्हावं. आमच्या गल्लीतल्या बायका आठवड्यातून एकदा प्रार्थनेला जमतात, तिथे ताई गातात आणि आम्ही मागून म्हणतो. शब्द सगळ्यांना पाठ आहेत. पण ताई एखाद दिवशी आल्या नाहीत, की तीच गाणी आमच्या तोंडून हजेरी घेतल्यासारखी निघतात. चाली राहतात त्या फक्त ताईंच्या गळ्यात. याचा विचार कधी कुणी केला नव्हता, कारण गळा रोज वरच्या मजल्यावर हजर होता.

मग तो बसायला लागला. आधी सर्दी म्हणून झालं, मग धूळ म्हणून झालं, मग कापडाच्या बारीक तंतूंवर सगळं ढकललं. शेवटी मीच त्यांना ओढत डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी नळी घालून बघितलं आणि सांगितलं, स्वरयंत्रावर गाठ आहे, काढावी लागेल. घाबरण्यासारखी नाही. पण कुठे आहे ते बघता, ऑपरेशननंतर आवाज येईल, तो हाच असेल असं नाही. वरचे सूर जाऊ शकतात. तोवर बोलणं बंद ठेवा. कुजबुजायचं तर मुळीच नाही, त्याने जास्त ताण येतो.

"आणि गाणं?" ताईंनी विचारलं.

"अगदी थोडं. गरज असेल तेवढंच. गळा म्हणजे आता जपून खर्चायची शिल्लक आहे, असं समजा."

परत येताना रिक्षात ताई माझा हात धरून बसल्या होत्या. घर जवळ आलं तेव्हा म्हणाल्या, "धाकटे, माझी गाणी कुठेतरी नीट ठेवून द्यायला हवीत गं. आहेत तशी." एवढंच मागणं होतं बाईचं.

भाऊजींनी ऐकलं आणि छाती फुगवली. "त्यात काय! आपण घरीच रेकॉर्ड करू. हल्ली सगळे घरीच करतात."

भाऊजी म्हणजे माझे मोठे दीर. पाणीपुरवठ्याच्या पंपांवर देखरेख करण्यात नोकरी गेली. निवृत्त झाल्यापासून देखरेख करायला पंप उरले नाहीत, म्हणून जे सापडेल त्यावर देखरेख चालू असते. चौकात एक स्टुडिओवाला आहे. तो ताईंकडूनच पडदे शिवून घेतो. त्याला कळलं तेव्हा तो म्हणाला होता, "काकूंना एक दुपार घेऊन या, मी बसतो त्यांच्याबरोबर." भाऊजींनी त्याला वाटेला लावलं. त्याच्या खोलीत म्हणे पंख्याची घूं येते. त्याची यंत्रं म्हणे जुनी. घरचं कार्य घरात.

मला त्या दिवशी बरं वाटलं होतं, हे खरं आहे. बायकोच्या गाण्यासाठी नवरा धडपडतोय, म्हणजे देवानेच बुद्धी दिली असं मी म्हटलं. देवाने बुद्धी दिलीही असेल. पण भाऊजींनी ती व्हिडिओ बघण्यात घालवली.

गाणं टिपायला कॉम्प्युटरवर एक सॉफ्टवेअर लागतं. त्यात आवाज जातो, लाटांसारख्या रेघा उमटतात, मग त्या कापायच्या, जोडायच्या, पुसायच्या. एवढं मला पहिल्याच दिवशी कळलं. भाऊजींना मात्र कुठलं घ्यावं ते कळेना. एक फुकट होतं. एक दरमहा भाड्याने मिळायचं. एक मोठमोठे संगीतकार वापरतात म्हणे, त्यात पन्नास वाद्यं आयती होती. आमच्या ताईंना त्या पन्नासांतलं एकही नको होतं. भाऊजी सकाळी चहाचा कप घेऊन खुर्चीत बसायचे आणि एकामागून एक माणूस पडद्यावर येऊन त्यांना सांगायचा की कालच्या माणसाचं ऐकू नका.

"फुकटचं घेतलं तर काय बिघडतं?" मी विचारलं.

"धाकटे, फुकटचं ते फुकटचंच. उद्या आवाज पातळ आला तर?"

"मग भाड्याचं घ्या."

"भाडं थांबवलं की आपलीच गाणी आपल्याला उघडता येत नाहीत."

"मग ते संगीतकारांचं."

"त्याला आपला कॉम्प्युटर पुरत नाही. रॅम वाढवायला हवी." असं म्हणून ते माझ्याकडे पाहून हसायचे, जणू मी रॅम कुठेतरी डब्यात ठेवली आहे आणि काढून देत नाहीये.

ताई तोवर बोलायच्या बंद झाल्या होत्या. त्यांनी एक युक्ती काढली होती. निळ्या पडद्याचा उरलेला तुकडा त्यांच्या कापायच्या टेबलावर पसरलेला असायचा, आणि त्यावर त्या शिंप्याच्या खडूने लिहायच्या. वाचून झालं की तळहाताने पुसायच्या. सबंध संसार त्या तुकड्यावर चालला होता. 'दूध आलं?' 'गणवेशवाली आली तर मोजमाप तू घे.' आणि भाऊजींनी दहा मिनिटं काहीतरी समजावून दिलं, की एकच शब्द. 'कधी?'

"होईल गं. घाईने केलेलं काम मला आवडत नाही," भाऊजी म्हणायचे.

'कधी' पुसला जायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा उमटायचा.

शेवटी भाऊजींनी संगीतकारांचं सॉफ्टवेअर चाचणीसाठी उतरवून घेतलं. चाचणी म्हणजे काही दिवस वापरून बघायचं, आवडलं तर विकत घ्यायचं. ताईंना बेडरूममध्ये बसवलं. दारं-खिडक्या लावल्या, पंखा बंद, मला तोंडावर बोट ठेवून कोपऱ्यात उभं केलं. ताईंनी त्यांची तीन मोठी गाणी एका बैठकीत म्हटली. मधे दोनदा थांबून कोमट पाणी प्यायल्या. झाल्यावर त्यांचा चेहरा बघवत नव्हता, पण डोळे हसत होते. खडूने लिहिलं, 'जमलं का?'

"फक्कड!" भाऊजी म्हणाले. "आता यावर जरा काम करतो."

काम कसलं, दुसऱ्या दिवसापासून पुन्हा व्हिडिओ. ते जरा-जरा करता करता चाचणीची मुदत संपली. सॉफ्टवेअर उघडायचं, लाटा दिसायच्या, ताईंचं नाव दिसायचं, पण ऐकू काही येईना आणि गाणं बाहेर काढून घेता येईना. विकत घ्या, मग देतो, असा निरोप पडद्यावर. मी म्हटलं, "मग घ्या की विकत!" तर म्हणे, अजून ठरलेलं नाही ना, हेच घ्यायचं का ते. शिवाय दुसरं एक बघून ठेवलंय, ते याच्यापेक्षा हलकं आहे. आणि ते दुसरं बसवण्यासाठी जागा हवी म्हणून त्यांनी पहिलं पुसून टाकलं. गाण्यांसकट. बाजूला ठेवायचं राहून गेलं म्हणे.

राहून गेलं! बाईने गळ्यातलं रक्त आटवून गायलेलं राहून गेलं!

ताईंनी ऐकलं. खडू हातात घेतला. तुकड्यावर टेकवला, आणि काहीच लिहिलं नाही. नुसता टेकवून धरला. मग उठून गणवेशाचा गठ्ठा सोडायला गेल्या. मी खाली येऊन इतक्या जोरात भांडी आपटली, की आमचे हे दारात येऊन उभे राहिले.

"काय झालं?"

"तुमच्या भावाला विचारा."

"दादाला मशीनचं वेड आहे गं पहिल्यापासून. मनात काही वाईट नसतं."

"मनात काय आहे ते देव बघेल. हातून काय होतंय ते मी बघतेय."

ह्यांनी पेपर उचलला. या घरातल्या पुरुषांना असल्या वेळी पेपर नेमका हाताशी सापडतो.

दुसऱ्या सॉफ्टवेअरने वेगळाच घोळ घातला. भाऊजींनी कुठेतरी ऐकलं, की गाणाऱ्याच्या कानात टकटक वाजत ठेवायची, म्हणजे लय हलत नाही. ताईंच्या कानावर भलेमोठे हेडफोन चढवले. कानात टक, टक, टक. आणि ताई गायला लागल्या, तर ती गाणी ताईंची वाटेचनात. जिथे त्या लांबवतात तिथे टकटक त्यांना पुढे ढकलत होती, जिथे त्या झपझप जातात तिथे मागे ओढत होती. मी कोपऱ्यातून बघत होते. ताईंचा उजवा पाय जमिनीवर वर-खाली होत होता. चप्पल नव्हती, नुसतं पाऊल, फरशीवर काहीतरी शोधत असल्यासारखं.

मला एकदम कळलं. इतकी वर्षं छताखाली राहून ते कळायला मला तो पाय बघावा लागला. ताई गाताना ताल धरत नाहीत. ताल त्यांचा पाय मशीनच्या पायडलवर धरतो. शिवण सरळ असली की गाणं पळतं, कोपरा आला की पाय मंदावतो आणि तिथेच सूर लांबतो, सुई वर करून कापड फिरवलं की तिथे श्वास. सगळ्या चाली अशाच, कापडाच्या कडेकडेने बांधलेल्या. मशीन काढून घेतलं की त्यांना गाणं अंधारात चाचपावं लागतं.

"भाऊजी," मी म्हटलं, "ताईंना मशीनवर बसून गाऊ द्या."

"काय बोलतेस? त्या खडखडाटात? आपण आवाज साफ करायला बसलोय."

ताईंनी हेडफोन काढले, खोलीबाहेर गेल्या आणि निळा तुकडाच उचलून घेऊन आल्या. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'ती बरोबर बोलतेय.'

भाऊजी म्हणाले, "बघू."

हे 'बघू' फार वाईट. नाही म्हणायची हिंमत नसली की माणूस बघू म्हणतो.

ऑपरेशनचा आठवडा आला. ताईंचा आवाज आता सकाळी थोडा उघडायचा आणि दुपारपर्यंत मिटायचा. त्यांच्या गाण्यांतलं एकही अजून हातात नव्हतं. मी प्रार्थनेला बसायची तेव्हा देवाचं नाव घ्यायच्या ऐवजी मनात भाऊजींना बोल लावत होते, आणि देवाला सांगत होते, की हे पाप असेल तर माझ्या नावावर लिही. आणि त्याच आठवड्यात मी गणवेश मोजायला वर गेले, तर भाऊजी खुर्चीत सरसावून बसलेले, चेहऱ्यावर उजेड.

"धाकटे, ये ये. अखेर सापडलं. काल रात्री एकाने टाकलंय, याच्यापुढे बाकीची सगळी झक मारतात. उतरवायला लावलंय. हे आलं की जुनं सगळं काढून टाकतो आणि नव्याने सुरुवात करू."

ताई टेबलाशी उभ्या होत्या. त्यांनी तुकड्यावर 'कधी' लिहिलं आणि खडू मोडला. मोडलेला अर्धा भाग घरंगळत खाली पडला, तो उचलायला त्या वाकल्या नाहीत. बस्स. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हात लावू नका," मी म्हटलं.

"काय?"

"त्या कॉम्प्युटरला हात लावू नका, भाऊजी. काही काढायचं नाही, काही उतरवायचं नाही."

"तुला यातलं काय कळतं?"

"मला यातलं काही कळत नाही! पण तुम्हाला कळून तरी काय उपयोग झाला? एक गाणं दाखवा. महिना झाला, बाई खडूने संसार करतेय, थेंब थेंब गळा राखून ठेवतेय, आणि तुम्ही तो थेंब सांडून दुसरं भांडं शोधायला जाताय! कुठलं सॉफ्टवेअर चांगलं हे तुम्हाला ठरवायचंच नाहीये."

"ठरवायचं नाही? मग मी काय करतोय दिवसभर इथे बसून?"

"तेच विचारतेय. काय करताय?"

मी या घरात आल्यापासून भाऊजींसमोर इतकं कधी बोलले नव्हते. त्यांची मान हळूहळू खाली गेली. "एकदा ते रेकॉर्डिंग झालं," ते म्हणाले, "की मग ऑपरेशनच उरतं ना. मग उद्या तिचा आवाज गेला, की मी वर बसून ते ऐकायचं. मला ते... मला नाही जमत त्याच्याकडे बघायला."

दुसरी कुणी असती तर विरघळली असती. मला आणखी राग आला.

"भीती तुमची आणि गळा त्यांचा? तुमच्या भीतीचं भाडं ताईंनी का भरायचं? एकदाही विचारलंत त्यांना, की त्यांना किती भीती वाटतेय?"

ताई येऊन भाऊजींच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. कोपऱ्यात, भाऊजींनी उतरवून ठेवलेल्या आणि इतक्या दिवसांत न उघडलेल्या त्या फुकटच्या सॉफ्टवेअरवर. मग त्याच बोटाने शिवणाच्या खोलीकडे दाखवलं.

नाक मुरडायचा मला हक्क आहे, पण खोटं लिहायचा नाही. त्या सकाळी भाऊजींनी काम केलं, आणि नीट केलं. पंपांवर वर्षं काढलेला माणूस, थरथर कुठून कुठे जाते ते त्यांना कळत होतं. मशीनच्या पायांखाली जुनी सतरंजी दुमडून घातली. मायक्रोफोन टेबलावर न ठेवता छताच्या हुकाला दोरीने टांगला, ताईंच्या तोंडासमोर, म्हणजे टेबलाचा हादरा त्याला लागू नये. शिवायला आलेले जाड पडदे खिडकीवर आणि कपाटावर लटकवले, म्हणजे आवाज भिंतीवरून उलटून येऊ नये. पहिल्यांदा दोन ओळी घेऊन ऐकल्या, तर 'प' आणि 'ब' आले की भप्प व्हायचं. तोंडाची हवा थेट आत जात होती. मग मायक्रोफोन जरा बाजूला सरकवला. फुकटच्या सॉफ्टवेअरने एका शब्दाने तक्रार केली नाही. लाल बटण दाबलं की टिपून घेत होतं, थांबवलं की थांबत होतं. आणखी काय हवं होतं?

ताईंनी एक लांब पडदा मशीनवर घेतला आणि पाय पायडलवर ठेवला.

ते कसं झालं ते मी लिहीत नाही. तसं लिहायला येत असतं तर रेकॉर्ड कशाला करायचं? एवढंच सांगते की मी देवासमोर बसते तेव्हा जे होतं, ते त्या दिवशी गणवेशांच्या गठ्ठ्यावर बसून झालं. आवाजाला धार नव्हती, कडा झिजल्या होत्या, दोन ठिकाणी तो चक्क फाटला. पण गाणं ताईंचं होतं. पडदा संपला की दुसरा पडदा, असं करत सगळी गाणी झाली. शेवटी त्यांनी एक गायलं, ते मी कधीच ऐकलं नव्हतं. दुखणं सुरू झाल्यापासून मनातल्या मनात बांधलेलं. देवा, तू दिलेलं परत मागतोस तर मोजून घे, असं काहीसं. विनवणी नव्हती ती, चांगलंच खडसावणं होतं. त्यात एक जागा आहे. सूर वर चढतो, वरच्या पायरीवर पाय ठेवतो असं वाटतं, आणि ठेवत नाही. मधेच रेंगाळतो आणि घरंगळत खाली येतो. भाऊजी भिंतीकडे तोंड करून उभे होते.

ऑपरेशन ठरल्याप्रमाणे झालं. गाठ साधी निघाली, देवाची कृपा. आठवडाभर पूर्ण मौन, मग थोडं थोडं बोलायची परवानगी, गाणं बंद. ताईंचा नवा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी दचकले. खालचा, जाडसर, मोठ्या भावाचा असावा तसा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुधारेल, पण वरचं सोडून द्या. ताई म्हणाल्या, "हरकत नाही. ठेवलंय मी." आणि हसल्या.

घरी आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट कुठली मागितली असेल तर ती रेकॉर्ड केलेली गाणी. "लावा," म्हणाल्या.

भाऊजी उत्साहात होते. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

पहिलं गाणं, ठीक. दुसरं, तिसरं, ठीक. ताई डोळे मिटून ऐकत होत्या. मग ते शेवटचं लागलं, आणि ताईंनी डोळे उघडले.

मशीन नव्हतं. घरघर सगळी गायब. आणि तिच्याबरोबर ताईंचे 'स' आणि 'श' पण गायब, शब्द पाण्याखालून आल्यासारखे बोबडे. श्वास नाही. आणि ती जागा, तो रेंगाळणारा सूर, तो सरळ वरच्या पायरीवर जाऊन उभा राहिला होता. इस्त्री केल्यासारखा.

"साफ केलं थोडं," भाऊजी म्हणाले. "तू दवाखान्यात होतीस तेव्हा. गोंगाट काढायचं बटण असतं, त्याला नुसतं मशीन ऐकवलं की तेवढं उचलून टाकतं. आणि एका ठिकाणी तुझा सूर जरा खाली होता, तो बसवून घेतला. एकच केलंय नमुन्याला. आवडलं तर बाकीची पण..."

"आधीचं लावा," ताई म्हणाल्या.

भाऊजींनी माउस हलवला. इकडे उघडलं, तिकडे उघडलं. मला त्यांच्या कानामागचा घाम दिसला.

"त्याच नावाने साठवलं गेलं वाटतं, आधीचं पुसलं गेलं," ते म्हणाले.

मी तोंड उघडलं. जे बोलणार होते ते लिहिण्यासारखं नाही, पण मला बोलावंच लागलं नाही.

"खाली होता?" ताई म्हणाल्या. तो जाड, खडबडीत, नवा आवाज खोलीभर झाला. "माझा सूर खाली होता? तो मी तिथेच ठेवला होता! महिनाभर मुकी बसून शोधला होता तो मी! तुम्हाला कुणी सांगितलं वर न्यायला? आयुष्यभर तुमच्या पँटची उंची मी तुम्हाला विचारून कापली. एकदा तरी न विचारता कापली? आणि तुम्ही माझं गाणं..."

"अगं, डॉक्टरांनी जोरात बोलू नको..."

"डॉक्टरांचं नाव घेऊ नका! बसा तिथे. हात मांडीवर ठेवा. मी सांगेन तेव्हा बटण दाबायचं, आणि मी सांगेन तेव्हा सोडायचं. बाकी एकाही बटणाला हात लावायचा नाही."

भाऊजींनी हात मांडीवर ठेवले. खरंच ठेवले.

ताई हळूहळू माझ्याकडे वळल्या. छाती वर-खाली होत होती. गळ्यावर बोट ठेवून त्यांनी आवाज अर्ध्यावर आणला.

"धाकटे, तू ऐकलं होतंस ना त्या दिवशी?"

"ऐकलं होतं. पण ताई, माझा गळा म्हणजे... मला नाही येणार."

"तुझ्या गळ्याचं मला काय करायचंय? चाल धर. माझ्याने आता वर जाववत नाही, तू जा." त्यांनी खालच्या खालीच गुणगुणून ओळ दाखवली आणि हवेत बोटाने ती जागा काढली, वर, वर, थांब, आणि उतर. "म्हण."

मी म्हटलं. नको तिथे थरथरले, पण म्हटलं.

"चढलीस. चढायचं नाही. पुन्हा."

पुन्हा म्हटलं.

"आता आधीच घाबरून खाली आलीस. देवाशी भांडतेस की त्याची भीक मागतेस? पुन्हा."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं होतं की कशाचं कोण जाणे. मला भाऊजींचा राग आला होता, त्या सॉफ्टवेअरांचा आला होता, माझ्या बेसूर गळ्याचा आला होता, आणि एवढं सगळं झाल्यावर माझ्याच वाट्याला हे आलं म्हणून देवाचाही आला होता. तो सगळा गोळा करून मी ओळ उचलली. वर गेले, पायरीच्या जवळ गेले, आणि पाय न ठेवता तिथेच रेंगाळले.

ताईंचं बोट हवेत थांबलं. खुर्चीतून भाऊजींनी हळूच विचारलं, "दाबू का?"

"थांबा," ताई म्हणाल्या. "अजून उतरायला शिकायची आहे."